आधी शिवण बघा

आपल्याकडे खोटं नवं चालतं, खरं जुनं चालत नाही.

कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये नजर फिरवा. खांद्याला फ्रेंच नावाची पिशवी, तिच्यावर कंपनीची अक्षरं तळहाताएवढी, आणि ती घेतलेली फुटपाथवर, 'फर्स्ट कॉपी' म्हणून, दीड-दोन हजारांत. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं, हॉलमधल्या निम्म्या बायकांनाही माहीत असतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आता त्याच बाईला सांगा, की एवढ्याच पैशांत अस्सल लोकरीचा, इटलीत शिवलेला कोट मिळतोय; फक्त आधी कुणीतरी दोन हिवाळे घातलेला आहे. ती लगेच नाक मुरडते. शी, दुसऱ्याचं उतरलेलं!

माझा राग या नाक मुरडण्यावर आहे. नक्कल मिरवायची लाज नाही आणि अस्सल वस्तू दुसऱ्यांदा वापरायची लाज, हे उलटं झालं. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. वापरलेला अस्सल कोट विकणाऱ्याला कायदा काहीही म्हणत नाही. गुन्ह्याचा माल आपण वरातीत नेतो आणि सचोटीचा माल लपवतो.

महागड्या कपड्याची किंमत कशाची असते ते एकदा नीट मांडून बघू. त्यात कापड असतं, बेत असतो, कारागिराचा हात असतो. त्याच किमतीत शहरातल्या सगळ्यांत मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानाचं भाडं असतं, जाहिरात असते, नटीला दिलेले पैसे असतात, नावाचा रुबाब असतो. कपडा पहिल्यांदा विकला गेला की हे दुसरं सगळं गळून पडतं. कापड आणि शिवण तशीच राहते. दुसऱ्या हाताने घेणारा फक्त तेवढ्याचे पैसे मोजतो. स्वस्ताईचं सगळं रहस्य एवढंच आहे. एर्मेसच्या बिर्किनसारख्या काही पिशव्या याला अपवाद. त्या जुन्या झाल्या तरी उतरत नाहीत, म्हणून तिथे घबाड शोधत बसू नये. घबाड कपड्यांत असतं. कोट, सूट, स्कर्ट, रेशमी ब्लाउज यांची किंमत दुकानाबाहेर पडताच कोसळते.

कंपन्यांना हे पुरतं ठाऊक आहे आणि त्यांना ते नको आहे. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात न खपलेला २ कोटी ८६ लाख पाउंडांचा माल नष्ट केला. कोट, कापड, अत्तरं, सगळं नवं कोरं. स्वस्तात विकला तर नावाचा भाव उतरेल, ही भीती. बातमी बाहेर आली, बोंब झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. फ्रान्सने २०२० साली न खपलेला माल नष्ट करण्याविरुद्ध कायदाच केला. हजार हातांनी विणलेलं-शिवलेलं कापड नावाच्या किमतीसाठी भट्टीत घालणारे लोक आपल्याला 'अभिरुची' शिकवतात! त्यांच्या दुकानातून नवं घेण्यापेक्षा कुणाच्या तरी कपाटातून निघालेलं जुनं घेणं मला कितीतरी स्वच्छ वाटतं.

जुन्या कपड्यांचा हा बाजार खऱ्या अर्थाने फुलला तो ब्रिटनमध्ये. ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेचं पहिलं कायमचं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४० च्या दशकाच्या शेवटी उघडलं. आज तिथल्या गावोगावी, हमरस्त्यावर अशी धर्मादाय दुकानं आहेत. लोक कपडे दान करतात, स्वयंसेवक ते निवडतात, इस्त्री करून टांगतात, आणि विक्रीचे पैसे त्या संस्थेच्या कामाला जातात. देणारा करदाता असेल तर 'गिफ्ट एड'खाली विक्रीच्या प्रत्येक पाउंडामागे सरकार २५ पेन्स वर घालतं. अशा दुकानात दान येतं ते बहुधा आसपासच्या घरांतून. म्हणून श्रीमंत वस्तीतलं दुकान गाठायचं. लंडनमध्ये चेल्सीचं रेडक्रॉसचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. मॅरिलबोन, केन्सिंग्टनकडेही पावलं वळवावीत.

आपली मुलं दर सप्टेंबरात तिकडे शिकायला जातात. जाण्याआधी आईवडील मुंबई-पुण्याच्या मॉलमधून सात-आठ हजारांचं जाड जाकीट घेऊन देतात. ते बॅगेतली निम्मी जागा खातं, वजन वाढवतं, आणि लीड्सच्या पहिल्या ओल्या वाऱ्यात उघडं पडतं, कारण ते आपल्या थंडीच्या बेताने भरलेलं असतं. आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते जाकीट घेऊ नका. मुलाला चाळीस पाउंड द्या आणि पहिल्या शनिवारी धर्मादाय दुकानात जायला सांगा. तिथे त्याला वीस वर्षं टिकलेला आणि अजून वीस टिकेल असा लोकरी कोट मिळेल. ज्या हवेत राहायचं आहे त्या हवेतल्या माणसाने घातलेला.

आता खरी मेख. या दुकानांतले स्वयंसेवक आज भाबडे राहिलेले नाहीत. लेबल वाचतात, फोनवर भाव बघतात, आणि नामांकित वस्तू वेगळ्या दांडीवर, वेगळ्या किमतीला टांगतात. नाव दिसलं की भाव लागतो. पण ज्या कपड्याचं लेबल उसवलेलं आहे, झिजून पुसलं गेलं आहे, किंवा ज्या शिंप्याचं नाव आज कुणाला आठवत नाही, तो कपडा साध्या दांडीवर साध्या किमतीत लटकत असतो. लेबल कुणालाही वाचता येतं. शिवण वाचायला शिकावी लागते. जो शिकला त्यालाच हा बाजार पावतो.

तर शिवण कशी वाचायची?

कपडा हातात आला की आधी उलटा करा. आतली बाजू खोटं बोलत नाही. चौकड्याचा किंवा पट्ट्यांचा कपडा असेल तर बाजूच्या शिवणीवर, खिशावर, कॉलरच्या मध्यावर रेघा एकमेकींना जुळतात का ते बघा. जुळवायला कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. घाईच्या मालात तो कुणी घालवत नाही. खालची दुमड किती खोल आहे बघा. चांगल्या स्कर्टाला, पँटला आत दोन-तीन बोटं कापड दुमडलेलं असतं, म्हणजे पुढच्या माणसाला लांबी सोडता यावी. स्वस्त मालात ओव्हरलॉकची कड आणि खेळ खलास. कोटाच्या अस्तराला पाठीत मध्यभागी एक सैल चुणी हवी. ती नसेल तर हात पुढे केल्यावर अस्तर फाटतं.

सूटचा कोट असेल तर छातीवर, बटणांच्या वरच्या भागात, कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि हलकेच चोळा. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर आत कॅनव्हास टाचलेला आहे. असा कोट घालणाऱ्याच्या छातीचा आकार घेतो आणि वर्षानुवर्षं तसाच बसतो. तिसरा थर बाहेरच्या कापडाला चिकटलेला लागला तर तो डिंकाने डकवलेला आहे. पुढेमागे ड्रायक्लीनिंगमध्ये त्यावर फोड येतील. ही चिमटी ज्याला जमली त्याला कुठलंही लेबल बघायची गरज नाही. काजं हाताने घातली असतील तर टाके किंचित कमी-जास्त असतात. त्या असमानपणाचेच पैसे असतात.

काही घराण्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. शनेलच्या जाकिटाच्या खालच्या कडेला आतून एक बारीक साखळी शिवलेली असते, जाकीट सरळ पडावं म्हणून. एर्मेसचा ९० सेंटिमीटरचा चौकोनी रेशमी रुमाल १९३७ पासून निघतो. त्याच्या कडा हाताने वळून शिवतात आणि ती वळी रुमालाच्या सुलट्या बाजूला येते. यंत्राने दाबलेली सपाट कड दिसली की समजावं. लिव्हाइसच्या लाल फितीवर १९७१ पर्यंत कंपनीच्या नावातला 'ई' हा मोठ्या लिपीतला होता; तशी जीन्स कुठे ढिगात सापडली तर मुकाट्याने पैसे देऊन निघावं. कपडा कसा धुवायचा ते सांगणारी पट्टी लावण्याचा नियम अमेरिकेत १९७१ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. अमेरिकी कपड्यात तशी पट्टी मुळातच नसेल, उसवल्याची खूणही नसेल, तर तो बहुधा त्याआधीचा. वुलमार्कचं लोकरीच्या गुंडीसारखं चिन्ह १९६४ चं. ते दिसलं तर कपडा त्यानंतरचा.

मापाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य कंपन्यांनी गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून आकडे खाली आणि कपडे सैल केले. जुन्या कपड्यावरचा १२ आजच्या १२ पेक्षा बराच घट्ट निघतो. जवळ मोजपट्टी ठेवा, आपली छाती, कंबर, खांदा लिहून ठेवा आणि कपडा मोजा. कंबर घेता येते, लांबी घेता येते, बाह्या आखूड करता येतात. खांदा मात्र सहसा दुरुस्त होत नाही. खांदा बसत नसेल तर कितीही जीव जडला तरी परत टांगा.

दोष कुठे शोधायचे तेही सांगते. लोकर उजेडासमोर धरा, कसरीची भोकं तिथेच दिसतात. काखेत बघा, तिथला पिवळा डाग जात नाही. डांबरगोळ्यांचा वास आठवडाभर वाऱ्यावर टाकला की जातो. कुबट, बुरशीचा वास जाईल याची खात्री नाही. इलॅस्टिक ओढून सोडा. रबरी-फोमच्या तळव्याचे जुने बूट घेऊ नका. वापरलेच नसले तरी त्यांचा तळ हवेतल्या ओलाव्याने कुजतो आणि चालता चालता भुगा होतो. चामडं सोललं जात असेल तर ते चामडं नाही. कापड रेशीम आहे का याची शंका असेल तर घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा ओढून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरगळणारी राख म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

पिशव्यांबद्दल मात्र सावध राहा. त्यांची नक्कल फार होते, आणि ती जुन्याच्या दुकानांतही घुसते. शनेलने अमेरिकेतल्या एका मोठ्या जुन्या मालाच्या दुकानावर २०१८ मध्ये खटला भरला. खोटा माल विकल्याचा आणि कंपनीशी नातं असल्याचा भास केल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. जपानमध्ये यावर चांगला तोडगा आहे. जुन्या वस्तूंचा धंदा करायला तिथे पोलिसांकडून परवाना लागतो, १९४९ च्या कायद्याने. नागोयाचं कोमेह्यो हे दुकान १९४७ पासून आहे. तिथल्या दुकानांत वस्तूची प्रत ठरवून लावलेली असते आणि कुठे ओरखडा आहे, कुठे डाग आहे, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. जुन्याला मान द्यायचा म्हणजे असा.

आपल्याकडे काय आहे? परदेशातले वापरलेले कपडे आपल्या देशात विकायला सरसकट आणता येत नाहीत, परवाना लागतो. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यांचे गठ्ठे उतरतात, तिथे बायका दिवसभर उभ्या राहून त्यांची निवड करतात, आणि बराचसा माल पुन्हा परदेशी जातो. चिंध्या म्हणून जे येतं ते कापूनच यावं लागतं. ते पानिपतला जातं. तिथे लोकरीचे कोट रंगावार वेगळे करतात, बटणं-चेन काढतात, पिंजतात, सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. भूकंप-पुरात जी मदतीची ब्लँकेटं वाटली जातात त्यांतली कितीतरी तिथली. या वाटेवरून बरंच काही देशी बाजारात झिरपतं आणि दिल्लीच्या सरोजिनी नगरपासून मुंबईच्या फुटपाथांपर्यंत ढिगात येऊन पडतं. त्याच ढिगात एक्स्पोर्ट सरप्लस असतो. तिरुपूर, बेंगळुरू, गुरुग्रामच्या कारखान्यांतून उरलेला, किंचित डाग म्हणून नाकारलेला. परदेशी कंपनीची अट असते म्हणून त्याचं लेबल बहुतेकदा कात्रीने अर्धं कापलेलं किंवा मार्करने खोडलेलं असतं. फॅशन स्ट्रीटवर कापलेलं लेबल बघून पुढे जाणारे आणि अख्खं चकचकीत लेबल बघून थांबणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी नेमकं उलटं करावं.

आणखी एक खजिना आपल्या लग्नांनी तयार केला आहे. सब्यसाची, मनीष मल्होत्रा, अनिता डोंगरे यांचे लेहेंगे लाखांत घेतले जातात, एका संध्याकाळपुरते घातले जातात आणि मग कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसतात. आता ते मूळ किमतीच्या बऱ्याच खाली विकले जाऊ लागले आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. घेताना पावती मागा, मूळ दुकानातली. ती असेल तरच नावाचे पैसे द्या. चोळीच्या शिवणीत आत किती कापड सोडलंय ते बघा, चांगला शिंपी दोन्ही बाजूंना मोप सोडतो. भरतकाम उलटून बघा, मागच्या गाठी पक्क्या आहेत की डिंकाने टिकल्या चिकटवल्या आहेत ते लगेच कळतं. आणि घेतलात तर अभिमानाने सांगा की दुसऱ्या नवरीचा आहे. लपवलंत तर पुन्हा तीच लाज पुढे चालू.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. नाक मुरडणारे सगळे सारखे नाहीत. महाराष्ट्रात ज्या समाजाला गावकीचं काम म्हणून मढ्यावरचं कापड घ्यावं लागलं, ज्यांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं उतरलेलंच आलं, त्यांच्या घरात 'उतरलेलं' याचा अर्थ वेगळा आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, स्वच्छ आणि नीटनेटकं राहायला सांगितलं, ते कपड्यातली ही गुलामी ओळखूनच. त्या घरातली मुलगी पहिल्या पगारातून कोरी करकरीत साडी घेते तेव्हा तिला 'जुनं वापर, पृथ्वी वाचव' म्हणून कुणी शिकवायला जाऊ नये. मी तर जाणार नाही. जुन्याची निवड ही ज्याला नवं घेता येतं त्यानेच करायची असते. माझा वाद आहे तो सात पिढ्या नवं नेसलेल्यांशी.

कारण त्यांचं सोवळंही खरं नाही. याच घरांत जन्मलेल्या बाळाला पहिलं झबलं, पहिली दुपटी जुन्या, धुवट कापडाची करतात, मऊ असतं म्हणून. आईच्या साडीचं परकर-पोलकं होतं, आजीच्या लुगड्यांची गोधडी होते, ताईचा गणवेश धाकटीला येतो. घरातलं जुनं चालतं. परक्याचं आलं की विटाळ. धोबी, उकळतं पाणी आणि कडक ऊन या तिन्ही गोष्टी परक्याच्या कपड्यावरही तेवढंच काम करतात.

आणि ज्या मराठी घरांना परक्याचं जुनं घ्यायला संकोच वाटतो, त्यांनी आपलं जुनं कसं वाऱ्यावर सोडलं ते बघा. या सगळ्या विषयात मला सर्वाधिक चीड याची येते.

बोहारीण दारात यायची. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या या बायकांनी शतकभराहून अधिक काळ हा व्यापार डोक्यावर वाहिला. दिल्लीत रघुबीर नगरला आजही त्यांचा बाजार भल्या पहाटे, अंधारातच भरतो. त्या कपडा कसा बघायच्या आठवतं? घडी उलगडायच्या, उजेडाकडे धरायच्या, काठावरून अंगठा फिरवायच्या. वर मी जे एवढं लांबण लावलं ते त्यांना लिहिता-वाचता न येताही येत होतं. आणि या बाजूला आमच्या सुशिक्षित गृहिणी, झाकणाच्या डब्यासाठी हुज्जत घालताना ढिगात आजेसासूची नऊवारी पैठणी टाकायच्या. जुनी झालीय, विरलीय, आता कोण नेसतंय!

त्या पैठणीचं पुढे काय व्हायचं? जुन्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असे आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. जुनी जर विकत घेणारे ती साडी जाळायचे. रेशीम भस्म, मोर भस्म, आसावली भस्म. तळाशी उरायची चांदी, ती वितळवून विकली जायची. विलायती कंपनीने कोट जाळले म्हणून आपण हळहळतो. आपल्या घरच्या पैठण्या जळल्या त्याची कुठे बातमीही झाली नाही.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आज येवल्याला हातमागावरची भरजरी पैठणी घ्यायला जा. भरगच्च पदराची असेल तर ती विणायला महिने लागतात आणि किंमत लाखाच्या पुढे जाते. तिच्या तोडीची, कदाचित तिच्याहून सरस विणीची साडी तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे. तिच्यावर कुठलंही लेबल नाही, विणणाऱ्याचं नाव नाही, म्हणून तिला भाव नाही. ज्यांना डिझायनर कपडे स्वस्तात हवे आहेत त्यांना मी म्हणते, या महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा डिझायनर येवल्या-पैठणच्या मागावर बसलेला होता, आणि त्याचं काम घराघरांत फुकट पडून आहे.

जुन्या बाजारात, एखाद्या बाईच्या पथारीवर, अशी साडी दिसली तर घासाघीस करू नका. धर्मादाय दुकानात आपण सांगितली ती किंमत देतो, कारण तिथे इंग्रजीतली चिठ्ठी असते. पथारीवाल्या बाईकडे मात्र दोनशेचे दीडशे करून घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तिला माहीत नसेल तर तिला सांगा की बाई, ही खरी जर आहे, आणि त्या हिशेबाने पैसे द्या. चार पैसे जास्त जातील. तरीही दुकानातल्या किमतीच्या पासंगालाही ती रक्कम पुरणार नाही. अडाण्याच्या अज्ञानावर मिळवलेलं घबाड मला घबाड वाटत नाही.

दिवाळीची आवराआवर येईल तेव्हा एवढं करा. ट्रंक उघडा. सासूबाईंची, आजीची जुनी साडी बाहेर काढा, पदर उलटा करा आणि उन्हात नव्हे, सावलीतल्या उजेडात बघा. हाताने विणलेल्या पैठणीत प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी चालते, म्हणून मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. यंत्राच्या नकलेत मागे तुटक्या धाग्यांचं रान असतं. घडीवर रेशीम चिरलं असेल तरी टाकू नका. काठ आणि पदर शाबूत असतील तर ते काढून नव्या रेशमावर बसवता येतात, हे काम करणारे अजून आहेत. पुन्हा ठेवताना दरवेळी घडी बदला, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर ती साडी कुणालाही देण्याआधी, विकण्याआधी, कापून उशीचे अभ्रे शिवण्याआधी, येवल्याच्या एखाद्या विणकराला नेऊन दाखवा.